एकच विद्यापीठ, तीन उंची

२०२१ साली ‘टाइम्स’च्या फक्त ब्रिटनपुरत्या क्रमवारीत सेंट अँड्र्यूज पहिलं आलं, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींच्याही वर! स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावातलं, १४१३ सालचं हे विद्यापीठ. जगभराच्या ‘क्यूएस’ यादीत मात्र ते शंभराच्या आसपास असतं. प्राध्यापक तेच, वर्ग तेच.

गंमत मोजण्यात आहे. ‘टाइम्स’ तिथल्या विद्यार्थ्यांचं मत घेतं: शिकवणं कसं आहे, समाधान आहे का? ‘क्यूएस’ जगभरच्या अभ्यासकांना विचारतं, तुमच्या विषयात उत्तम काम कुठे चालतं? स्वतःच्या विद्यापीठाला मत देता येत नाही. या एका प्रश्नाला ३० टक्के वजन, नोकरी देणाऱ्यांच्या मताला आणखी १५. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण दूरच्या, अनोळखी माणसांच्या मनातल्या नावाला! लहान विद्यापीठाचं नाव तितक्या मनांपर्यंत पोचणार कसं?

जगभरच्या विद्यापीठांची २००३ साली सुरू झालेली शांघायची यादी तर कुणालाच काही विचारत नाही. ती नोबेल, फील्ड्स पदकं आणि शोधनिबंध मोजते. तिचा एक नियम मला फार विलक्षण वाटतो. प्राध्यापकांना मिळालेल्या पुरस्काराचं वजन दर दशकाला मूळच्या दहा टक्क्यांनी घटत जातं. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला, १९०६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अणूच्या आत माणसाने पहिल्यांदा डोकावलं ते इथे, आणि त्या नोबेलचे आजचे गुण शून्य! तरीही केंब्रिज या यादीत अगदी वरच असतं, कारण तिथे नव्या शोधांची रीघ थांबलेलीच नाही.

१८९५ साली स्थापन झालेल्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची कथा तर याहून न्यारी. तिथे ना वैद्यक, ना भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधल्या निबंधांचा निकष अशा संस्थेला लावणं अन्यायाचं, हे शांघायवाल्यांनाही पटलं, तो त्यांनी तिच्यापुरता वगळला. तरी ती दीडशेच्या पलीकडेच राहते. आणि २०२४ च्या सप्टेंबरात ‘टाइम्स’ने तिलाच ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली ती याच संस्थेतून. अर्थशास्त्र शिकणाऱ्याला तिचं नाव सांगा, तो क्रमांक विचारणार नाही.

तुमच्या घरातलं कुणी ब्रिटनला शिकायला निघालं असेल, तर क्रमांक पाहण्याआधी त्या यादीचे निकष वाचा आणि आपल्या विषयाची स्वतंत्र क्रमवारी उघडा. ती सगळ्या मोठ्या याद्यांमध्ये असते.