विहिरीतील आडवे बोअर : रॉड पारखून घ्या

धार-देवासच्या माळव्याच्या पठारावर काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली लाव्हाचा खडक थरांनी रचलेला आहे. पाणी मुख्यतः भेगांत, सच्छिद्र खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात असते. विहिरीला ते सापडले नाही, की बाजूने आडवे बोअर घेतात. मात्र कठीण पाषाणातून एकदम मऊ लाल मातीच्या थरात शिरताना रॉडची खरी परीक्षा होते.

वाकलेल्या भोकात फिरणारा रॉड प्रत्येक फेऱ्यात इकडून तिकडे वाकतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसाच तोही बहुधा आट्यांपाशी तुटतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. रॉड सपाट जागेवर लोळवावा. डुगडुगला तर बाजूला ठेवावा. ठोकून सरळ केलेला वापरू नये.

२. आटे पुसून पाहावेत. झिजलेले वा चिरलेले घेऊ नयेत. नव्या रॉडला झिजलेला जोडल्यास नव्याचेही आटे खराब होतात. जोडताना ग्रीस लावावे आणि सांधा पूर्ण बसेपर्यंत आवळावा.

३. फार बारीक रॉड वाट सोडतो. फार जाड रॉडभोवती चुरा बाहेर येण्यास जागा उरत नाही. आडव्या भोकात चुरा तळाशी साचून रॉड अडकवतो. म्हणून पाणी सोडून तो सतत धुवून काढावा. पाण्याने धूळही बसते व फुप्फुसे वाचतात.

४. रॉडची लांबी विहिरीच्या रुंदीत यंत्रासह मावेल अशीच असावी.

५. थर बदलताच जोर कमी करावा. अडकलेला रॉड हिसका देऊन ओढू नये.

रॉड तुटला तर पैसा जातो. पण बेसावधपणाने माणूस जातो. डिझेल इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो. आत कोणी कोसळला, तर त्याच्यामागे तसेच उतरू नये. प्रथम इंजिन बंद करावे, मदत बोलवावी. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि काठावर दोन माणसे असावीत. ढासळणाऱ्या काठाखाली काम करू नये.

शेवटी एवढे ध्यानात ठेवावे, की आडवे बोअर नवे पाणी निर्माण करत नाही. जमिनीतले असेल तेच ओढते, कधी शेजाऱ्याच्या विहिरीतलेही. देवासला १९९० च्या सुमारास रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली. बोअरवर खर्च करण्याआधी पावसाचे पाणी शेतातच अडवावे, म्हणजे बोअरलाही काही मिळेल.