फुकटचं सॉफ्टवेअर आणि मिठाची वाटी

कुठल्याच प्लेअरवर न चालणारी फिल्म व्हीएलसीवर चालते, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. पण हा प्लेअर बनवला कुणी? पॅरिसजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांनी. १९९६ मध्ये स्टुडंट प्रोजेक्ट म्हणून सुरुवात झाली, २००१ मध्ये तो सगळ्यांसाठी मुक्त केला गेला. फायरफॉक्समध्ये मराठी मेनू दिसतात ना? त्यामागेही स्वयंसेवकांचे हात आहेत. थोडक्यात काय मंडळी, आपण रोज कुणाच्या तरी फावल्या वेळावर ऑफिस चालवतोय!

या लोकांना पगार नाही, अप्रेझल नाही, दिवाळी बोनस तर नाहीच. मग मिळतं काय? फक्त आपला फीडबॅक. म्हणूनच तो कसा दिला जातो, याला फार महत्त्व आहे.

आमटीला मीठ नाही!

माझं गाव सांगवी. बारामती तालुक्यातलं, नीरेच्या काठचं. गावच्या भंडाऱ्यात दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. एक जण पंगतीतूनच ओरडतो, ‘आरं, आमटीला मीठच नाय!’ दुसरा उठून चुलीपाशी जातो आणि हळूच म्हणतो, ‘अण्णा, मीठ जरा कमी पडलंय. वाटी आणू का?’ तक्रार दोघांची एकच. पण पहाटेपासून धुरात उभ्या असलेल्या पोरांना पहिला आवाज पुढच्या वर्षी घरी बसवतो. दुसरा त्यांना पुन्हा चुलीपाशी आणतो.

सॉफ्टवेअरच्या दुनियेत नेमकं हेच चालतं. ‘हे कसलं मराठी? बंद करा!’ या वाक्यातून भाषांतर करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पण ‘या बटणात “जतन करा” मावत नाही, “साठवा” चालेल का?’ असं कुणी लिहिलं, तर काम पाच मिनिटांत होतं आणि लिहिणाऱ्याचं नावही लक्षात राहतं.

शब्दांवरून आपण किती भांडतो ते सांगायलाच नको. फाइल म्हणायचं की संचिका? यावर उपाय म्हणून २००८ मध्ये ‘फ्युएल’ प्रकल्प सुरू झाला. रेड हॅटमधल्या राजेश रंजन यांचा त्यात पुढाकार होता. मेनूमध्ये वारंवार येणारे शब्द घ्यायचे, त्या भाषेच्या लोकांनी एकत्र बसायचं आणि एकेक शब्द ठरवून टाकायचा, असा साधा फंडा. मराठीची यादीही अशीच झाली. फीडबॅक तोच, फक्त आधी आणि समोरासमोर बसून दिलेला.

टोमण्यांची किंमत

टोमण्यांनी काय होतं, असं वाटतंय? मग ‘एक्सझेड’ची गोष्ट ऐकाच. फाइल्स छोट्या करणारं हे टूल जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षं ते जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. २०२२ मध्ये काही जण त्यांच्या मागे लागले : काम किती स्लो, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्यातल्या एकाचं नाव तर ‘जिगर कुमार’! हा बिनपगारी छंद आहे आणि माझ्या मानसिक आरोग्याच्या तक्रारी आहेत, असं कॉलिन यांनी स्पष्ट सांगितलं. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ नावाचं कुणीतरी हसतमुखाने मदत करत होतं. हळूहळू प्रोजेक्टच्या चाव्या त्याच्याकडे गेल्या.

२०२४ मध्ये त्या नावाने आलेल्या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा निघाला. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला लॉगिनसाठी साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्यांनी छडा लावला आणि २९ मार्च २०२४ रोजी बोभाटा केला. म्हणून जग वाचलं. तक्रार करणारी ती खाती बनावट असावीत, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं. म्हणजे थकलेल्या माणसाला टोचत राहणं हेच हत्यार ठरलं. आणि ते चाललं, कारण अशी बोलणी स्वयंसेवक रोजच खात असतात. खोटा टोमणा खऱ्यांच्या गर्दीत कुणाला वेगळा वाटणार?

बरं, हे फक्त युजरच करतात असंही नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स सहकाऱ्यांना झापण्याबद्दल प्रसिद्ध होते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली आणि काही काळ ब्रेक घेतला. इतका मोठा माणूस बदलू शकतो, तर आपण का नाही?

फीडबॅक देण्याआधी

• कुठली आवृत्ती, काय केलं, काय दिसलं, एवढं लिहा. ‘चालत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.
• तीच तक्रार आधी कुणी केली आहे का, ते बघा.
• डेडलाइन देऊ नका. ते तुमचे व्हेंडर नाहीत.
• एखादा शब्द, एखादी चाचणी, शंभर रुपये : जमेल तेवढा हातभार लावा.
• सगळं नीट चालत असेल तेव्हाही एक ओळ लिहा. ‘थँक्यू’ म्हणायला बग सापडायची वाट कशाला बघायची?