तक्त्याच्या सेलमधील टक्केवारी उंची

तक्त्याच्या सेलमधील टक्केवारी उंची म्हणजे सीएसएस या शैलीभाषेत, तक्त्याच्या सेलमध्ये ठेवलेल्या घटकाला ५०% किंवा १००% अशा रीतीने दिलेली उंची होय. ती प्रत्यक्षात किती पिक्सेल भरते, हे ब्राउझर ठरवतो.

रुंदीची टक्केवारी काढणे सोपे असते, कारण वेबपानावर रुंदी बाहेरून आत ठरत जाते. उंची मात्र बहुधा आतून बाहेर ठरते. जितका मजकूर, तितकी चौकट उंच. त्यामुळे सीएसएस २.१ (२०११) मधील सर्वसाधारण नियम असा आहे की, बाहेरील चौकटीला उंची स्पष्टपणे दिलेली नसेल, तर आतील घटकाची टक्केवारी विचारात न घेता त्याची उंची 'ऑटो' मानावी.

तक्त्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. सेलची उंची त्याच्या एकट्याची नसते. आडव्या ओळीतील सर्वांत उंच सेल संपूर्ण ओळीची उंची ठरवतो. सेलला लिहून दिलेली उंची ही केवळ किमान मर्यादा असते. १ पिक्सेल असे लिहिले, तरी मजकुराला लागेल तेवढी ओळ वाढतेच. अशा स्थितीत घटकाची उंची सेलवर आणि सेलची उंची घटकावर अवलंबून राहते. शिवाय सेल किंवा ओळ यांचीच उंची टक्केवारीत दिल्यास ती कशी काढावी, हे सीएसएस २.१ ने अनिर्णित ठेवले होते.

दोन फेऱ्यांची पद्धत

हे चक्र ब्राउझर दोन फेऱ्यांत तोडतात. पहिल्या फेरीत टक्केवारी बाजूला ठेवून, घटकाची उंची 'ऑटो' धरून ओळीची उंची काढली जाते. दुसऱ्या फेरीत ती उंची कायम मानून टक्केवारी लावली जाते.

समजा, डाव्या सेलला १ पिक्सेल उंची दिली असून त्यातील घटकाची उंची ५०% आहे व त्याचा मजकूर ४० पिक्सेल उंच आहे. उजव्या सेलमधील मजकूर २०० पिक्सेल उंच आहे. सेलमधील आतील मोकळी जागा शून्य धरल्यास पहिल्या फेरीत ओळ २०० पिक्सेलची ठरते व दुसऱ्या फेरीत घटक १०० पिक्सेलचा होतो. पण ओळीत तो एकच सेल असेल आणि मजकूर १५० पिक्सेलचा असेल, तर ओळ १५० पिक्सेलची व घटक ७५ पिक्सेलचा होतो. उरलेला मजकूर घटकाबाहेर ओसंडतो. ओळ पुन्हा मोजली जात नाही, अन्यथा गणित कधीच संपले नसते.

स्क्रोलपट्टी असलेल्या घटकाची उंची पहिल्या फेरीत शून्य धरावी, असे सीएसएस टेबल मॉड्यूलच्या तिसऱ्या पातळीच्या मसुद्यात म्हटले आहे. सेलला १ पिक्सेल उंची देऊन आतील घटक १००% ताणण्याची युक्ती क्रोममध्ये चालत असे, फायरफॉक्समध्ये मात्र नेहमी चालत नसे. क्रोमने २०२१ मध्ये, ९१ व्या आवृत्तीत, तक्त्यांच्या मांडणीची यंत्रणा नव्याने लिहिली. केवळ समान उंचीच्या चौकटींसाठी तक्ता वापरण्याची गरज फ्लेक्सबॉक्स व ग्रिडमुळे उरलेली नाही. ईमेलच्या मांडणीत मात्र तक्ते अजूनही वापरले जातात.