क्राऊन-पिनियनची जोडी

पद्मिनी मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना कमी-जास्त वेगाने फिरू देत इंजिनाची ताकद पोचवतो तो मागचा डिफरन्शियल.

तो उघडताना मी आधी बेअरिंगच्या कॅपवर डाव्या-उजव्या खुणा करतो. अदलाबदल चालत नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच जोडीने जुळवलेले असतात. एकाचा दात तुटला तरी दोन्ही बदलावेत, नाहीतर गाडी घोंघावते आणि नवे दातही झिजतात. जोडताना दातांना निळा रंग लावून फिरवतो. ठसा कडेला उमटला तर शिम बदलायची. मध्यावर आला तरच झाकण लावायचे.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये थांबली. उरलेल्या गाड्या या धीरावरच टिकतील.