जुन्या जीपचे स्टेअरिंग : आधी ढिलाई शोधा, मग पैसा टाका

आम्ही कापडाचे व्यापारी, मोटारींचे मिस्त्री नव्हे. तरीही या पानावर जीपबद्दल लिहिण्याचे धाडस करतो, कारण या एका गाडीने आम्हाला दोन वर्षांत जे शिकवले त्याची किंमत आम्ही रोखीने मोजली आहे. वाचकांपैकी काहींच्या दारात अशी जुनी जीप असेल. काही कारागीर बंधूंच्या वर्कशॉपमध्ये ती दुरुस्तीला येत असेल. दोघांच्याही उपयोगाची ही हकीकत आहे.

आमची जीप महिंद्राची सीजे-३बी, १९६६ ची. वालिदसाहेबांनी ती जुनीच घेतली होती. मालेगावहून लुगड्यांचे गठ्ठे भरून सटाणा, कळवणच्या आठवडे बाजारांना ती वर्षानुवर्षे गेली. आता माल टेम्पोने जातो, पण जीप विकण्याचा विचार घरात कोणी बोलून दाखवत नाही. या कंपनीचा इतिहासही आपल्या वाचकांना ठाऊक असावा. १९४५ मध्ये ती महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. विलीज जीपची जोडणी मुंबईत माझगावला होत असे. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आले. तिथे ते बंद झाल्यावरही आपल्याकडे ते बनतच राहिले, म्हणून आजही याचे सुटे भाग आपल्या बाजारात मिळतात.

तर झाले असे की, चाक हातभर फिरवले तरी गाडी वळायची नाही, आणि वळू लागली की एकदम वळायची. एकदा सप्तशृंगी गडाच्या उतारावर समोरून एस.टी. आली आणि आम्ही जीप बाजूला घेतली खरी, पण घाम फुटला. शेजारी धाकटा मुलगा बसला होता. घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, "अब्बा, ही आता चालवू नका."

गावातल्या एका गॅरेजवाल्याने स्टेअरिंग बॉक्स संपला असे सांगितले. आम्ही मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून दुसरा बॉक्स आणला, तो बसवला, आणि प्ले जसाच्या तसा राहिला! पैसे गेले, शिवाय जुना बॉक्स भंगारात गेला.

मग एका वयस्कर उस्तादांकडे गाडी नेली. त्यांनी पाना हातात घेतला नाही. पोराला चाक डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगितले आणि स्वतः पुढच्या बंपरखाली आडवे झाले. पाच मिनिटांनी उठून म्हणाले, "सेठ, तुम्ही वरचे मजले बांधले, पायाच हलतोय."

त्यांचा पाया म्हणजे बेलक्रँक. या जीपमध्ये बॉक्सचा ड्रॉप आर्म ड्रॅग लिंक ढकलतो, ड्रॅग लिंक पुढच्या क्रॉस मेंबरवरच्या बेलक्रँकला फिरवते, आणि बेलक्रँकपासून दोन टाय रॉड दोन्ही चाकांकडे जातात. बेलक्रँकची पिन आणि आतले नीडल बेअरिंग चिखलपाण्यात झिजतात. तिथली केसभर ढिलाई चाकापर्यंत पोचताना वाढते. अमेरिकेत १९७२ च्या जीपपासून ही बेलक्रँक काढूनच टाकली आणि सॅजिनॉचा बॉल-नट बॉक्स बसवला, यावरून दुखणे कुठले होते ते कळावे.

उस्तादांनी क्रम असा ठेवला. आधी बेलक्रँकची पिन, बेअरिंग आणि सील नवे. मग ड्रॅग लिंकच्या टोकाचे बॉल सीट आणि स्प्रिंग. तिथला प्लग पूर्ण आवळून किंचित मागे घ्यायचा आणि स्प्लिट पिन घालायची, नाहीतर लिंक जाम होते. मग टाय रॉड एंड. त्यानंतर नकलमधले किंगपिनचे बेअरिंग. इथे शिम कमी-जास्त करून बेअरिंगवर ठरावीक ताण ठेवावा लागतो, आणि तो मापायला त्यांनी स्प्रिंगचा काटा वापरला, आपण सुताची लडी तोलतो तसलाच. हा ताण कमी असला तर ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. बॉक्सला शेवटी हात लावला. जुन्या रॉस बॉक्समध्ये वर्मच्या खाचेत दोन पिना चालतात. खाच मधोमध मुद्दाम अरुंद असते, म्हणून बाजूचा स्क्रू चाक सरळ ठेवूनच आवळायचा. मधला भाग फार झिजला असेल आणि स्क्रू जोराने आवळला, तर पूर्ण वळणावर बॉक्स अडकतो. हे उस्तादांनी आम्हाला करून दाखवले.

आता मुलाची हौस: पॉवर स्टेअरिंग. आमच्या ओळखीत दोघांनी नव्या गाड्यांचे बॉक्स जुन्या जीपला बसवले आहेत आणि एका बोटाने चाक फिरवतात. पण ते काम बॉक्स बसवून संपत नाही. इंजिनवर पंप, त्याचा ब्रॅकेट, पुली, टाकी, दाबाचे होज, कॉलमला जॉइंटचा शाफ्ट, आणि चेसिसला आतून जाड प्लेट, कारण नवा बॉक्स जुन्या चेसिसला पिळतो. जुनी बेलक्रँक तशीच ठेवून पॉवरचा जोर तिच्यावर टाकणे म्हणजे विरलेल्या कापडाला जाड दोऱ्याने शिवणे. आणि स्टेअरिंगचा कोणताही रॉड कापून वेल्डिंग करून लांब-आखूड करायचा नाही. कारागीर बंधूंनी असे काम ग्राहक कितीही मागे लागला तरी नाकारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याचेही पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात हवी आणि धंद्याला वापरता येत नाही. म्हणून चेसिसला गॅस कटर लावण्याआधी आर.टी.ओ.त विचारणा करावी.

आम्ही पॉवर स्टेअरिंग केले नाही. मुलाने हौसेने घातलेले रुंद टायर मात्र उतरवले आणि मूळ मापाचे ६.००-१६ घातले, निम्मा जडपणा तिथेच गेला. उभ्या गाडीत चाक फिरवायला आजही ताकद लागते, चालत्या गाडीत लागत नाही. उस्तादांनी मजुरी आणि पार्टचे बिल वेगवेगळे, ओळीने लिहून दिले. बॉक्सच्या मूळ खर्चापुढे ती रक्कम फारच थोडी होती. मागच्या महिन्यात त्याच उतारावरून आम्ही पुन्हा आलो. शेजारी मुलगा होता, आणि अर्ध्या वाटेत त्याने चाक मागून घेतले.