‘करण्यात आले’ : जनसंपर्काच्या प्रशिक्षणातील एक धडा

संस्था आणि तिच्याशी संबंध येणारे लोक यांच्यात विश्वास टिकावा म्हणून केलेला नियोजित संवाद म्हणजे जनसंपर्क, अशी व्याख्या पाठ्यपुस्तकांत आढळते. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी पडतो तो ‘कृपया प्रसिद्धीसाठी’ एवढाच मथळा असलेला कोरा कागद. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यावयाचे प्रशिक्षण, समाविष्ट झाले. त्यामुळे १९९० साली स्थापन झालेल्या आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठाच्या परिसरात तर या प्रशिक्षणाचे ‘ओजेटी’ हे लघुरूप विद्यार्थ्यांच्या तोंडी सहज येते.

या प्रशिक्षणाचे निरीक्षण करावेसे वाटले, त्याचे कारण एक वाक्य ठरले. गणेशविसर्जनानंतर वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर ‘मेहरूण तलाव येथे निर्माल्य संकलन करण्यात आले’ अशा धाटणीचे वाक्य वर्षानुवर्षे दिसते. त्यात तलाव असतो, निर्माल्य असते, संस्थेचे नावही असते. संकलन कोणी केले, एवढेच नसते.

जळगाव शहरातील एका सामाजिक संस्थेच्या प्रसिद्धी कक्षात सकाळी कात्रणे काढणे, ती वहीत चिकटवणे, छायाचित्रांना ओळी देणे आणि दुपारी पत्रकारांच्या गटावर मजकूर टाकणे हा नित्यक्रम होता. तेथील प्रशिक्षणार्थी मुलीने विसर्जनाच्या कामावर लिहिलेले पहिले प्रसिद्धिपत्रक दीड पानांचे होते. त्यातील निम्मी जागा ‘यावेळी उपस्थित होते’ या नामावलीने व्यापली होती आणि अखेरीस सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले, याचीही नोंद होती. वरिष्ठांनी कागद परत केला, तो एकच आकडा सांगून : ३० शब्द. बातमीचा गाभा पहिल्या ३० शब्दांत आला पाहिजे, कारण जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापतो. महत्त्वाचे वर आणि दुय्यम खाली ठेवणाऱ्या या मांडणीला ‘उलटा पिरॅमिड’ म्हणतात.

दुसरा खर्डा आटोपशीर झाला, तरी त्यातही ‘संकलन करण्यात आले’ कायम राहिले. तेव्हा वरिष्ठांनी तिला तलावावर जाऊन येण्यास सांगितले. एके काळी स्वतंत्र गाव असलेले मेहरूण आज जळगाव शहरात सामावले आहे. खान्देशाबाहेर ते मुख्यतः त्याच नावाच्या बोराच्या वाणामुळे ओळखले जाते. विसर्जनानंतरच्या सकाळी मात्र गणेश घाटावर बोरांची आठवण होण्याजोगे काही नव्हते. भिजलेला झेंडू, कुजू लागलेल्या दूर्वा आणि कापूर यांचा एकत्रित, गोडसर व घशाशी येणारा वास तेथे भरून राहिला होता. त्या वासात वाकून, हारांतील दोरे आणि प्लॅस्टिक वेगळे काढत, एक सफाई कामगार स्त्री निर्माल्य वेचत होती. छायाचित्र काढण्यासाठी पाहुणे केव्हा येणार, अशी तिने विचारणा केली. कारण ते येण्याआधी काठ स्वच्छ दिसला पाहिजे, असे तिला बजावण्यात आले होते.

घटनास्थळ पाहण्याचा हा आग्रह या व्यवसायाच्या आरंभापासूनचा आहे. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा कंपनीचे सल्लागार आयव्ही ली यांनी माहिती दडपण्याऐवजी लेखी निवेदन दिले आणि पत्रकारांना अपघातस्थळी नेण्याची व्यवस्था केली. ते निवेदन पहिले प्रसिद्धिपत्रक मानले जाते.

मराठी प्रसिद्धिपत्रकाची अडचण मात्र माहितीच्या अभावापेक्षा अधिक खोल, व्याकरणात आहे. ‘करण्यात आले’ या रचनेत कर्त्याचा उल्लेख न करताही वाक्य पूर्ण होते. कार्यालयीन भाषेला हा निर्वैयक्तिकपणा सोयीचा वाटतो, परंतु ही सोय समन्यायी नसते : आभार मानणाऱ्याचे नाव पत्रकात येते आणि निर्माल्य वेचणारीच्या वाट्याला तेवढी ‘करण्यात आले’ ही रचना येते. प्रशिक्षणार्थीने परतल्यावर पहिले वाक्य पुन्हा लिहिले : ‘मेहरूण तलावाच्या गणेश घाटावर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सफाई कामगार महिलांनी पाण्यातील व काठावरील निर्माल्य वेचले, स्वयंसेवकांनी ते वेगळे करून खतासाठी पाठवले.’ हे २१ शब्द होतात. ३० शब्दांत कामगारांना जागा नसते, हा समज त्यामुळे टिकत नाही. प्रसिद्धी मिळवण्याची युक्ती कोणत्याही कार्यालयात शिकता येते; वाक्याला कर्ता देण्याची सवय मात्र घाटावर गेल्याविना लागत नाही, आणि जनसंपर्कातील ‘संपर्क’ खऱ्या अर्थाने तेथेच सुरू होतो.

पत्रक दुसऱ्या दिवशी आतील पानावर छापून आले. मजकूर खालून कापला गेला होता. कामगार महिलांचे वाक्य वर असल्याने शाबूत राहिले आणि नामावली गळाली. त्या सकाळी कक्षात आलेला पहिला दूरध्वनी, आपले नाव का वगळले अशी विचारणा करणारा, आभार मानणाऱ्या गृहस्थांचा होता.