छप्पर सरकारचं, चावी ठेकेदाराची

मैत्रिणींनो, घर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आधी काय येतं? आमच्या महिला मंडळात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा कुणी अंगण म्हणालं, कुणी देवघर, कुणी कपाटातला आपल्या एकटीचा खण. पण बहुतेकजणींचं उत्तर एकच होतं, ‘गॅसची शेगडी!’ अर्ध्या रात्री पोर रडत उठलं तर वाटीभर दूध कोमट करता आलं पाहिजे, दारात कुणी आलं तर घोटभर चहा टाकता आला पाहिजे. ते जिथे जमतं, ते आपलं घर. खरं ना?

आता मी तुम्हाला अशा बायकांबद्दल सांगणार आहे, ज्यांना डोक्यावर छप्पर आहे, पलंग आहे, दोन वेळचं जेवणही मिळतं. पण शेगडी नाही. त्या राहतात ब्रिटनमध्ये. तुम्ही म्हणाल, ताई, आपल्या तालुक्याचे प्रश्न सोडून एकदम विलायतेत कुठे निघालात? जरा धीर धरा. वाचलंत की कळेल.

माझी भाची नऊ वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहे. दर शनिवारी ती एका सभागृहात बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. या बायका आल्यात सुदान, इरिट्रिया, अफगाणिस्तान, इराणमधून. कुणी युद्धातून जीव वाचवून, कुणी सरकारच्या छळाला भिऊन. ब्रिटनने आश्रय द्यावा म्हणून त्यांनी अर्ज केलाय आणि निकालाची वाट बघत त्या जवळच्या हॉटेलात राहतायत. ‘मावशी, हॉटेल म्हटलं की तुला थाटमाट वाटेल,’ भाची फोनवर म्हणाली, ‘पण एका खोलीत आई आणि दोन मुलं. खेळायचं पलंगावर, अभ्यास पलंगावर, जेवायचंही पलंगावर. जेवण डब्यात येतं. खोलीत स्वयंपाकाला बंदी.’ एकदा त्या सभागृहाचं छोटं स्वयंपाकघर बायकांसाठी उघडलं. महिनोन्‌महिने कोपऱ्यात गप्प बसणारी एकजण पुढे झाली, कांदा चिरायला घेतला आणि चिरता चिरता मोडक्यातोडक्या इंग्रजीत घडाघडा बोलायला लागली. जो धडा पुस्तकाने शिकवला नाही, तो विळी-सुरीने शिकवला!

ही सोय सरकारची मेहेरबानी नाही बरं का. ज्याने आश्रयाचा अर्ज केलाय आणि ज्याच्याकडे राहायला-खायला काही नाही, त्याला निवारा आणि थोडा खर्च देण्याची तरतूद ब्रिटनच्या १९९९च्या कायद्यात आहे. सगळी माणसं लंडन आणि आसपास गोळा होऊ नयेत म्हणून २००० सालापासून त्यांना देशभर वेगवेगळ्या शहरांत पाठवायला सुरुवात झाली. कुठे राहायचं हे त्यांनी ठरवायचं नाही. कामही करायचं नाही. वर्षभर निकाल लागला नाही तर परवानगी मागता येते, पण तीही ठरावीक कामांसाठीच. २०२४ मध्ये स्वतः रांधून खाणाऱ्याला आठवड्याला ४९.१८ पौंड मिळत होते आणि जिथे जेवण दिलं जातं तिथे फक्त ८.८६ पौंड. एका पौंडाचे शंभरावर रुपये होतात हे खरं, पण तिथे खर्चही पौंडातच करायचा असतो ना! त्या आठ-नऊ पौंडांत बसभाडं, फोन, मुलाचा खाऊ आणि बाईच्या महिन्याच्या गरजा, सगळं भागवायचं.

मग ही घरं पुरवतं कोण? सुरुवातीच्या काळात बऱ्याच ठिकाणी नगरपालिका हे काम करायच्या. २०१२ मध्ये सरकारने हे काम मोठमोठ्या खासगी कंपन्यांना ठेक्याने देऊन टाकलं. २०१९ मध्ये नवे ठेके निघाले, दहा वर्षांचे. देशाचे सात विभाग पाडले आणि ते सर्को, मिअर्स आणि क्लिअरस्प्रिंग्ज या तीन कंपन्यांत वाटले. कंपनी पुढे पोटठेकेदार नेमते, पोटठेकेदार घरमालक किंवा हॉटेलवाला गाठतो. आपल्याकडच्या रस्त्याच्या कामासारखंच! नळ गळला, भिंतीला बुरशी आली, तर त्या बाईने तक्रार करायची एका वेगळ्याच संस्थेच्या फोनवर. तिथून ती कंपनीकडे, तिथून पोटठेकेदाराकडे. तोवर पोराचा खोकला छातीत उतरलेला असतो.

हिशेब ऐका. या दहा वर्षांच्या ठेक्यांचा अंदाज सुरुवातीला होता साडेचार अब्ज पौंड. आपल्याकडच्या ‘कॅग’सारखी तिथली जी लेखापरीक्षण संस्था आहे, तिने मे २०२५ मध्ये सांगितलं की हा आकडा १५.३ अब्जांवर जाईल. म्हणजे तिपटीहून जास्त. तिन्ही कंपन्यांनी मिळून पाच वर्षांत ३८ कोटी ३० लाख पौंड नफा दाखवला. हॉटेलात माणशी एका रात्रीला सुमारे १४५ पौंड पडत होते, वस्तीतल्या साध्या घरात त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. महागडी हॉटेलं आणि त्यातल्या आईच्या हातात आठवड्याला आठ-नऊ पौंड! पैसा नाही असं नाही, मैत्रिणींनो. पैसा आहे, पण वाटेत मुरतोय.

करोनाच्या साथीत, २०२० पासून, हॉटेलांचा वापर वाढला. अर्जांचा निकाल लागेना, घरं मिळेनात, म्हणून ‘तात्पुरती’ म्हणून घेतलेली हॉटेलं कायमची झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये ५६ हजारांवर माणसं हॉटेलांत होती. जून २०२५ मध्येही ३२ हजार होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने गृहखात्यावर कोरडे ओढले. ठेक्यांवर नीट देखरेख ठेवली नाही आणि अब्जावधी पौंड वाया घालवले, असं तिने लेखी सांगितलं. २०२९ पर्यंत सगळी हॉटेलं रिकामी करू, असं सरकार म्हणतंय.

पण पैशापेक्षाही मला बोचते ती दुसरी गोष्ट. ठेक्यात खाट मोजता येते, डबे मोजता येतात. माणसाची अब्रू कशात मोजणार? २०१६ च्या जानेवारीतलीच दोन उदाहरणं घ्या. मिडल्सब्रो शहरात आश्रयार्थींच्या बहुतेक घरांची दारं लाल रंगाची होती. घरमालक कंपनीकडे एकच रंग घाऊक होता, एवढंच कारण सांगितलं गेलं. पण गावाला कळलं, लाल दार म्हणजे ‘ते’ लोक. मग त्या दारांवर अंडी, दगड. गवगवा झाला तेव्हा दारं रंगवायचं ठरलं. दुसरं उदाहरण कार्डिफचं. तिथे जेवण हवं असेल तर मनगटावर रंगीत पट्टी बांधूनच फिरायचं, अशी सक्ती. भर रस्त्यात लोक ओळखायचे आणि टोमणे मारायचे. ओरड झाल्यावर तीही बंद झाली. दोन्हीकडे कुणी दुष्टपणाने ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. ठेकेदाराला मोजायला सोपं गेलं, बस्स! पण आपल्या पोराला रंगीत पट्टी बांधून शाळेत पाठवायची वेळ आली तर आपल्याला कसं वाटेल?

आणि बाळंतिणींचं काय? ब्रिटनच्या नियमानुसार गर्भवतीला आणि तीन वर्षांखालच्या मुलांना आठवड्याला तीन ते पाच पौंड जास्त मिळायचे, फळं-दूध घ्यायला. हॉटेलात राहणाऱ्यांना तेही मिळेनात. अखेर बायका कोर्टात गेल्या. जुलै २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सरकारचं हे वागणं बेकायदा ठरवलं. तीन पौंडांसाठी उच्च न्यायालय! त्याच महिन्यात दुसरा निकाल आला, एकट्या आलेल्या लहान मुलांबद्दल. त्यांनाही सर्रास हॉटेलांत ठेवत होते आणि त्यांतली दोनशे मुलं बेपत्ता असल्याचं मंत्र्यांनीच जानेवारी २०२३ मध्ये संसदेत मान्य केलं होतं. मुलांना असं ठेवणं बेकायदा आहे, असं कोर्टाला सांगावं लागलं.

गावातल्या लोकांचा राग अगदीच खोटा आहे, असंही नाही. तिथल्याही कित्येक गरीब कुटुंबांना नगरपालिकेच्या घरासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. अशा वेळी गावातलं हॉटेल न सांगता-विचारता एका रात्रीत भरलं, तिथले लग्न-समारंभ बंद झाले, तर माणसं चिडणारच. पण राग निघतो तो ठेका देणाऱ्यावर नाही, निघतो खिडकीतल्या पोरांवर. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅमजवळच्या एका हॉटेलला जमावाने वेढा घातला, काचा फोडल्या, आग लावायचा प्रयत्न केला. आत दोनशेहून जास्त आश्रयार्थी होते.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट सांगते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात २००० साली पालिकेने आश्रयार्थींना आपल्याच उंच इमारतींतले रिकामे फ्लॅट दिले. शेजारी तिथलीच गरीब, कष्टकरी माणसं. सुरुवातीला कुरबुरी झाल्या. एका आश्रयार्थी तरुणाचा २००१ मध्ये खूनही झाला. पण घरं शेजारी-शेजारी होती, मुलं एकाच शाळेत होती, लिफ्टमध्ये रोज गाठ पडत होती. पुढे अर्ज फेटाळलेल्या कुटुंबांना पहाटे घरात शिरून उचलून न्यायला अधिकारी येऊ लागले, तेव्हा किंग्जवे नावाच्या वस्तीतल्या बायका पहाटेच्या अंधारात पहारा द्यायला उभ्या राहिल्या. जीन डॉनाची नावाच्या आजी त्यांच्यात पुढे होत्या. गाडी दिसली की फोन फिरायचे आणि ते कुटुंब शेजारच्या घरात लपायचं. २००५ मध्ये ड्रमचॅपल शाळेतल्या सात मुलींनी आपल्या मैत्रिणीला कोठडीतून सोडवण्यासाठी मोहीम काढली. ‘ग्लासगो गर्ल्स’ म्हणून त्या आजही ओळखल्या जातात.

अर्ज फेटाळल्यावर काय व्हावं, यावर मतभेद असू शकतात. तो कायद्याचा भाग झाला. मला वेगळंच सांगायचंय. माणूस तोच, देशही तोच. त्याला वस्तीत घर दिलं, तेव्हा त्याच्यासाठी शेजारणी पहाटे उठल्या. त्याला ठेक्याच्या हॉटेलात ठेवलं, तेव्हा बाहेर जमाव आला. शेजार हा ठेक्याने मिळत नाही हो! तो वाटीभर साखर मागण्यातून, एकमेकींची पोरं सांभाळण्यातून तयार होतो. आणि त्यासाठी आधी आपली म्हणून एक शेगडी लागते, आपलं म्हणून एक दार लागतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आपल्याला कशाला? मी बायकांच्या एका निवारागृहात काही वर्षं जात होते. नाव सांगत नाही. तिथलं जेवण ठेकेदाराचं. ताटं मोजून यायची, रजिस्टर अगदी चोख. तिथे एक ओली बाळंतीण होती. तिला आळीव, मेथी, गरम भाकरी कोण देणार? स्वयंपाकघराला कुलूप. मी विचारलं तर व्यवस्थापक म्हणाले, ‘टेंडरमध्ये नाही.’ खरंच होतं त्यांचं. टेंडरमध्ये ‘बाळंतीण’ असा रकानाच नव्हता!

आपल्याकडे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही असं नाही. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये आदेश दिला होता, की अंगणवाडीच्या पोषण आहारात ठेकेदार नको, गावातली महिला मंडळं, बचत गट यांना काम द्या. त्यामागचा विचार साधा आहे. जिचं पोर त्या अंगणवाडीत जेवतं, ती खिचडीत किडके तांदूळ घालणार नाही. आदेश किती पाळला गेला हा वेगळा विषय आहे, पण दिशा तीच खरी.

म्हणून सांगते, तुमच्या गावात वसतिगृह असो, निवारागृह असो, की पूरग्रस्तांची छावणी. भिंतीचा रंग आणि खाटांची संख्या बघून परत फिरू नका. स्वयंपाकघरात जा. राहणाऱ्या बाईला तिथे पाऊल टाकता येतं का, बघा. न्हाणीघराला आतून कडी आहे का, बघा. खोलीची चावी कुणाकडे असते, विचारा. तक्रार केली तर कोण येतं आणि किती दिवसांनी येतं, हे तिथल्या बाईलाच विचारा, व्यवस्थापकाला नको. आणि ठेका निघण्याआधी ग्रामसभेत, नगरपालिकेत एक वाक्य ठामपणे म्हणा : ‘तिथे जी राहणार आहे, तिला विचारलंत का?’

एवढं विचारायला ना इंग्रजी लागतं, ना पदवी.